‘योग्य कागदपत्र जोडावे’: स्कॉलरशिपच्या खिडकीपलीकडून

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी आधी सांगून टाकतो: बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ निम्मे गाळलेत.

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील. कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणारे जे क्लार्क असतात, त्यांचं प्रशिक्षण. हो, तेच. खिडकीवर ‘दोन वाजता या’ म्हणणारे भाऊसाहेब. पण थांबा जरा, कारण या खिडकीशी माझं जुनं भांडण आहे.

मी २०१८-१९ ला बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरी कोरडवाहू शेती. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला आपण सगळे अजून ‘ईबीसी’च म्हणतो, तिच्यावर माझी निम्मी ट्यूशन फी अवलंबून होती. महाडीबीटी पोर्टल तेव्हा नवं नवं होतं. अर्ज भरला, कॉलेजच्या लॉगिनला गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. सेंड बॅक. शेरा होता: ‘योग्य कागदपत्र जोडावे.’

आता योग्य म्हणजे कुठलं? मी जोडली होती सात-आठ कागदपत्रं. मला वाटलं, डोमिसाइलचा स्कॅन पुसट आहे. पुन्हा स्कॅन केलं, जोडलं, पाठवलं. परत सेंड बॅक. तोच शेरा, तेच तीन शब्द. खिडकीवर गेलो तर ही गर्दी. सेमिस्टरची परीक्षा आली, मुदत संपली. नंतर कळलं की उत्पन्नाचा दाखला आदल्या वर्षीचा जोडला गेला होता. तहसीलचा नवा दाखला माझ्या बॅगेत होता हो! पूर्ण वेळ बॅगेत होता.

बाबांनी ती फी सोसायटीच्या कर्जातून भरली, तीही जूनमध्ये. तोवर नो ड्यूज नाही, नो ड्यूज नाही म्हणून टीसी नाही, आणि टीसी नाही म्हणून जिथे नोकरी लागली होती तिथे मी दीड महिना उशिरा रुजू झालो. सहा वर्षं मी त्या क्लार्कला मनात शिव्या घालत होतो. (हसू)

मग मागच्या वर्षी आत्याचा फोन आला. ती एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिनं परस्पर प्राचार्यांना सांगून टाकलं होतं, ‘आमचा भाचा कंप्युटरवाला आहे, तो शिकवेल स्कॉलरशिपवाल्यांना.’ आजूबाजूच्या कॉलेजांतले मिळून बावीस जण येणार होते. नाही म्हणायची सोय नव्हती. आत्या आहे ती.

पहिली कार्यशाळा मी पूर्ण वाया घालवली. छप्पन्न स्लाइड्स. पोर्टलची रचना, अर्जाचा प्रवास: विद्यार्थी, कॉलेजचा क्लार्क, प्राचार्य, मग विभागाचं कार्यालय. बाण, चौकोन, रंग. जेवणानंतर अर्धा वर्ग पेंगत होता. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर सव्वीस वर्षं नोकरी झालेले एक भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, ‘सर, हे बाण आम्हाला माहितीयेत. आम्ही त्या बाणातच राहतो. माझ्याकडे अठराशे अर्ज आहेत आणि एक लॉगिन आहे. सकाळी आल्यावर पहिला कुठला उघडू, ते सांगा.’

मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर मी उलटा विचार केला. या माणसांना शिकवलंय काय आजवर? नोकरीला लागताना टायपिंग, मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. मग एमएस-सीआयटी. त्यानंतर? प्राध्यापकांना रिफ्रेशर कोर्स असतो, एफडीपी असतात, त्यावर त्यांची पदोन्नती अवलंबून असते, म्हणून ते जातातही. माझ्या वर्गातल्या बावीस जणांपैकी शिष्यवृत्तीच्या कामाचं रीतसर प्रशिक्षण झालेले किती, असं विचारलं तर पाच हात वर आले. त्यातल्या तिघांचं प्रशिक्षण म्हणजे मोठ्या सभागृहात प्रोजेक्टर आणि शेवटी चहा-बिस्कीट. म्हणजे माझ्यासारखंच.

माझा एक मित्र अमेरिकेत एमएस करून आला. तो सांगतो, तिकडे ‘फायनान्शियल एड’ हा स्वतंत्र पेशा आहे. त्यांची नासफा नावाची राष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे. ती विषयवार परीक्षा घेते, प्रमाणपत्रं देते. एकाला पात्रता ठरवण्यातलं, दुसऱ्याला पैसे परत करण्याच्या नियमांतलं, असं. आता तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. त्यांचा फाफ्सा नावाचा अर्ज एरवी ऑक्टोबरमध्ये उघडतो. २०२३ मध्ये तो नव्या रूपात आणताना थेट डिसेंबरच्या शेवटी उघडला आणि कॉलेजांची पुढची सगळी वेळापत्रकं कोलमडली. पोर्टल कोसळायला देश लागत नाही. पण फरक असा की तिथे त्या खिडकीमागच्या माणसाला ‘हे तुझं कौशल्य आहे’ असं कुणीतरी म्हणतं. आपल्याकडे ते ‘जास्तीचं टेबल’ असतं. आवक-जावक, परीक्षा फॉर्म, आणि हो, स्कॉलरशिप पण तूच बघ.

दुसऱ्या कार्यशाळेआधी मी माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. ते क्लार्क अजून तिथेच होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी ओळख दिली, शेरा सांगितला. मला वाटलं होतं, नाकारतील. ते म्हणाले, ‘तो शेरा मी त्या वर्षी सगळ्यांनाच टाकला. एका वहीत लिहून ठेवला होता, तिथून बघून टाइप करायचो. नंतर तर कॉपी-पेस्ट. रात्री साइट जरा हलकी चालायची म्हणून अकरापर्यंत बसायचो. कुणी सांगितलंच नव्हतं की तो शेरा पोरगं वाचतं. मला वाटायचं, तो वरच्या ऑफिससाठी असतो.’

मंडळी, मी सॉफ्टवेअरवाला आहे. ‘समथिंग वेंट राँग’ असा एरर मेसेज मी स्वतः आयुष्यात शंभरदा लिहिलाय. कुणी वाचतं का ते, याचा मी तरी कधी विचार केला होता?

त्यांना मी काही बोललो नाही. चहा प्यायलो. राग गेला असंही नाही, पण तो कुणावर ठेवायचा ते कळेना.

दुसऱ्या वेळी, या जूनमध्ये, एकही स्लाइड नेली नाही. नावं बदलून बारा अर्जांच्या झेरॉक्स नेल्या. प्रत्येक अर्जात काहीतरी चुकलेलं. काम एकच: शेरा लिहा, आणि तो शेजारच्याला वाचायला द्या. शेजाऱ्यानं फक्त शेऱ्यावरून ओळखायचं की काय दुरुस्त करायचं. पहिल्या फेरीत सगळीकडे ‘डॉक्युमेंट प्रॉपर नाही’, ‘स्पष्ट नाही’, ‘नियमानुसार नाही’. एकालाही ओळखता येईना, आणि मग जो हशा पिकला! तिसऱ्या फेरीला शेरे असे आले: ‘उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा आहे. तहसीलदारांचा चालू दाखला जोडा, बाकी कागदपत्रे बरोबर आहेत.’ त्यातलं ‘बाकी बरोबर आहेत’ हे एका मॅडमनं स्वतःहून घातलं. मला सुचलं नव्हतं. तेवढं माझ्या अर्जावर असतं तर मी डोमिसाइलच्या मागे लागलोच नसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला बँक खात्यावर. ‘आधार लिंक आहे’ हे वाक्य किती फसवं आहे बघा. खात्याच्या केवायसीला आधार दिलं असेल तर बँकवाला म्हणतो, लिंक आहे. पण सरकारी पैसा आधार नंबरवर जातो तेव्हा तो एनपीसीआयच्या मॅपरमध्ये कुठली बँक नोंदली आहे ते बघून जातो. आणि तिथे शेवटी जी बँक सीड केली, तीच धरतात. मुलाची चार खाती असोत, पैसा त्या एकाच बँकेत. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीचं प्रकरण गाजलं होतं, सिमची पडताळणी करताना ग्राहकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडे गेली. तोच प्रकार शिष्यवृत्तीत होतो. पोरगं पासबुक भरून भरून थकतं आणि पैसे कुठल्यातरी विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. मायआधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ दोन मिनिटांत दिसतं. बावीसपैकी चौघांना हे माहीत होतं. बाकीच्यांनी जागेवरच स्वतःचं तपासलं, आणि एका सरांचं निघालं भलत्याच बँकेत. (हसू) जेवायच्या सुट्टीत ते सगळ्यांना तेच सांगत होते.

दुसरा अवघड विषय अनुसूचित जातीच्या मुलांच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा. २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचा भाग असतो, तो मुलानं कॉलेजला भरायचा असतो. पण हे घरी कोण समजावणार? खात्यात रक्कम दिसली, घरात कुणी आजारी आहे, उसनवारी फेडायची आहे, गेले पैसे. मग कॉलेज म्हणतं फी बाकी. एक मॅडम म्हणाल्या, ‘मी प्रवेशाच्या दिवशीच पालकांना कागदावर लिहून देते, यातले इतके तुमचे, इतके कॉलेजचे. भांडणं निम्म्यावर आली.’ याला मी प्रशिक्षण म्हणतो. हे मला येत नव्हतं, बाकी एकवीस जणांना येत नव्हतं, आणि ते त्याच खोलीत एका बाईंकडे होतं.

जीआरचंही तसंच. मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फीमाफी, ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. तो अनेकांना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कळला. पालक मोबाइल दाखवतात, क्लार्क म्हणतो मला लेखी आलेलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून अर्धा तास जीआर शोधण्यावर घालवला. शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांक टाकला की मूळ प्रत मिळते, आणि संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. फॉरवर्ड आलेला कागद जुना की नवा, एवढ्यानं कळतं. त्यातल्या अटी मात्र वाचायलाच लागतात: आठ लाखांची मर्यादा, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी, केंद्रीभूत प्रवेश. ‘सगळ्या मुलींना माफ’ असं खिडकीवर सांगितलं तर उद्या तीच मुलगी रडत येते.

पासवर्डवर मी दहाच मिनिटं बोललो, कारण उपदेश होतो. पण मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी, आधारच्या फोटोंनी भरलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि अर्जात विद्यार्थ्याऐवजी नेटकॅफेवाल्याचा मोबाइल नंबर, ही तिन्ही दृश्यं सगळ्यांच्या ओळखीची होती. तिसरं सगळ्यात घातक. सेंड बॅकचा मेसेज कॅफेवाल्याला जातो आणि पोरगं वाट बघत बसतं.

त्या भाऊसाहेबांना, अठराशे अर्जवाल्यांना, या वेळी उत्तर दिलं. ज्याला दुरुस्ती लागणार आहे तो आधी उघडा, बरोबर असलेला नंतर. बरोबर अर्ज चार दिवस थांबला तर बिघडत नाही, पण चुकलेल्याला ते चार दिवस हवे असतात. ते म्हणाले, ‘पण उघडल्याशिवाय कळणार कसं, चुकलाय की नाही?’ मग दोघांनी मिळून ठरवलं: प्रवेशाच्या वेळीच खिडकीवर उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख आणि सीडिंगची बँक एका वहीत लिहून घ्यायची. वही! मी आठवडाभर त्याची एक्सेल करायची म्हणून मागे लागलो होतो. त्यांनी वहीच ठेवलीय आणि ती चालतेय.

गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एका मॅडमचा मेसेज आला. शेऱ्याचा फोटो, खाली ‘सर, ठीक आहे का?’ तीन ओळी होत्या, स्वच्छ, कुठला कागद, का, आणि काय करायचं. मी एकच बदल सुचवला: ‘तात्काळ’ काढा, शेवटची तारीख लिहा.

त्यांचं उत्तर आलं, ‘लिहिली असती हो. मुदतवाढ मिळालीय म्हणतात, पण तारीख अजून मलाच वरून आलेली नाही.’