गाजरगवत आणि इशिझाका दांपत्य



जिल्ह्यातील वैद्यांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान देताना प्रतिकारशास्त्रातील नवनव्या शोधांचे समालोचन माझ्याकडून ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असेल, तर ती पुरी करण्याचा माझा मानस नाही. कारण जे शास्त्र आज महानगरांच्या प्रयोगशाळांतून वैभवाने नांदत आहे, त्याचा पाया माणसाच्या अंगावर उठलेल्या गांधीकडे कोणी चिकित्सकाने निरखून पाहिले तेव्हा घातला गेला, आणि तसे निरखण्याची सोय आपल्या जिल्ह्यातील उमरग्यात वा परंड्यात मुंबईहून तिळमात्र उणी नाही.

1921 साली ब्रेस्लाऊ येथे प्राउस्निट्झ या संशोधकाने, मासे मुळीच न सोसणाऱ्या क्युस्टनर या आपल्या सहकाऱ्याचा रक्तरस स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि ज्यांना मासे खुशाल पचत त्या प्राउस्निट्झ यांच्या अंगावर गांध उठली. रक्तरसात काहीतरी दडले आहे हे सिद्ध झाले. ते काय, याचा उलगडा व्हावयास मात्र 1966 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी रॅगवीड नावाच्या तणाच्या परागाने बेजार झालेल्या रुग्णांचा रक्तरस घेऊन, इतर प्रतिपिंडांच्या मानाने हजारो पटींनी विरळ असलेले ते द्रव्य वेगळे ओळखले आणि त्याची परीक्षा स्वतःच्या त्वचेवर टोचून घेऊन केली. पुढल्याच वर्षी उप्साला येथील योहान्सन आणि बेनिख यांना तेच प्रथिन निराळ्या वाटेने सापडले, आणि 1968 मध्ये त्याला आयजी-ई हे नाव मिळाले. इतके विरळ द्रव्य मोजण्याइतके यंत्र हाताशी नसताना कातडी ते ओळखते, हा भरवसा इशिझाका दांपत्याने सोडला नाही, याचेच मला कौतुक आहे.

हे रॅगवीड आपल्या गाजरगवताचे अगदी जवळचे भाऊबंद आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस भरलेले हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे सांगतात. त्या गव्हाला बोल लावण्यात आपली पिढी खर्ची पडली आणि बांध तसेच राहिले! पुण्याच्या चर्मरोगतज्ज्ञांनी त्याच्या संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाकडे लवकरच लक्ष वेधले. आपल्यापैकी कोणी तो रुग्ण पाहिला नसेल? पापण्या जाड झालेल्या, गळपट्टीच्या वरची मान आणि कोपराच्या वळी खरबरीत होऊन काळवंडलेल्या, पावसाळ्यात खाज असह्य. सदरा काढला की पाठ मात्र बहुधा स्वच्छ, आणि त्याच पाठीवर या गवताच्या अर्काची पट्टी लावून 48 तासांनी पाहावे तो खाली लालभडक चट्टा. येथे आयजी-ईचे काम नव्हे. गाजरगवतातील पार्थेनिन या द्रव्याला ओळखून चुकलेल्या टी-पेशींचा हा मामला आहे. परागाने शिंका येणारा आणि केसाळ पानांच्या चुऱ्याने कातडी सोलवटणारा, दोघांनाही ‘ॲलर्जी आहे’ एवढे सांगून एकच गोळी देण्याची जी रूढी पडली आहे, ती मला अक्षम्य वाटते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अभ्यासांत या त्वचादाहाचे पुरुष रुग्ण अधिक दिसतात. परंतु आपल्याकडे सोयाबीनची, तुरीची खुरपण बायका करतात, तण उपटतात ते उघड्या हातांनी. त्यांची कातडी खरोखर अधिक सोशिक आहे, की रोजंदारी बुडवून दवाखान्याची पायरी चढणे त्यांना परवडत नाही? या प्रश्नाचे उत्तर डेन्व्हरला मिळणार नाही; ते आपल्याच नोंदींत शोधावे लागेल.

निजामी अमलापासून चालत आलेल्या पहाणीपत्रकात कोणत्या शेतात कोणते पीक हे दाखल होत असे, तणाला त्यात रकाना नव्हता. तो रकाना आपल्या दप्तरात आपणच आखावा, अशी माझी सूचना आहे: रुग्णाचे गाव, महिना, स्त्री की पुरुष, हातचे काम, कातडीवरील जागा, पट्टीचा निकाल, नाव नको. पुढील अधिवेशनाचा पहिला तास कळंब, भूम, वाशी, लोहारा येथून आलेल्या या नोंदींच्या वाचनासाठी राखून ठेवावा, आणि अध्यक्षांचे भाषण, वेळ उरलाच तर, त्यानंतर ठेवावे.