दरात आपले हातही धरा
(कन्हान येथे बचत गटातल्या बायांपुढे केलेले भाषण)



कपाखाली ठेवायच्या या रंगीत लाकडी चकत्या तुम्ही सुरेख करता. लाकूड घासायचं, रंगवायचं, पुरतं वाळू द्यायचं, मग वर इपॉक्सी रेझिन ओतायचं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण हाताला खाज का सुटते, ते कुणी सांगितलं?

रेझिनमध्ये मिसळायचं हार्डनर कातडीला बाधतं. एकदा ॲलर्जी जडली की पुढे जराशा स्पर्शानेही पुरळ उठतं. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघडा, चुलीपासून आणि लेकरांपासून काम दूर ठेवा. हाताला लागलं तर थिनर नको, साबण-पाणी वापरा. थर कच्चा असताना घासू नका. एका दिवसात तो कडक लागतो, पण पुरता पिकायला आठवडाभर जातो.

मोजे मागितले की व्यापारी म्हणतो, 'घरीच तर बसता!' घरी केलेली मजुरी ही मजुरीच, तिलाही सुरक्षिततेचे नियम लागू, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या १७७ क्रमांकाच्या करारात म्हटलं आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणून नगाचा दर ठरवताना मोजे आणि आपले तास वहीत मांडा. आणि एकटीने नको, गटाने मागा.