पूर्वी रक्त घेतलेल्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी

बाळंतपणातील रक्तस्राव, अपघात वा मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रक्त चढविल्यामुळे असंख्य प्राण वाचले. परंतु हिपॅटायटिस सी या यकृतदाहाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला आणि दान केलेल्या रक्ताची त्यासाठी चाचणी करणे भारतात २००१ साली सक्तीचे झाले. त्यापूर्वी रक्त घेतलेल्यांपैकी काहींच्या शरीरात हा विषाणू नकळत शिरला असण्याचा संभव आहे.

हा रोग मुका आहे. वीस-तीस वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता तो यकृत पोखरीत राहतो; पुढे काहींना जलोदर वा यकृताचा कर्करोगही होतो. म्हणून प्रकृती ठणठणीत असली तरी तपासणी अगत्याची आहे. प्रथम प्रतिपिंडांची साधी रक्तचाचणी होते. ती होकारार्थी आली म्हणजे रोग आहेच असे नव्हे. विषाणू रक्तात आजही आहे काय, हे दुसऱ्या चाचणीने ठरते.

या रोगावर लस नाही. औषध मात्र आहे. बहुधा १२ आठवडे गोळ्या घेतल्यास १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व उपचार नेमलेल्या शासकीय रुग्णालयांत मोफत होतात.

एका ताटात जेवल्याने हा रोग पसरत नाही. तेव्हा रुग्णाला दूर लोटण्याचे कारण नाही. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी, तपासणीस येणाऱ्याचे नाव मात्र चावडीवर येऊ देऊ नये.