गळाचा हिसका केव्हां द्यावा?

श्रोतेहो, ‘गळाला लागणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत इतका रुळला आहे, कीं ज्यानें जन्मांत कधीं गळाची काठी हातीं धरली नाहीं तोही व्यापारांत, राजकारणांत आणि लग्न जुळवितांना तो सर्रास वापरतो. परंतु ह्या वाक्प्रचारांत एक लहानशी लबाडी आहे. मासा आपण होऊन गळाला लागतो, माणसानें नुसतें बसून राहावयाचें, असा त्याचा ध्वनि निघतो. वस्तुस्थिति निराळी आहे. मासा लागतो तो आमिषाला. गळाला त्याला लावावें लागतें. आमिष तोंडांत गेल्यापासून तें थुंकून टाकलें जाईपर्यंत जो अल्प अवकाश मिळतो, तेवढ्यांत गळाचें टोक जबड्यांत रुतविण्याची क्रिया उरकावी लागते. तिलाच हिसका म्हणतात. आज ह्या हिसक्याविषयीं चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

सोलापूरकरांनीं माशांविषयीं बोलावें, हें ऐकून कोंकणांतले श्रोते कदाचित् हसतील. आमचा जिल्हा अवर्षणाचा, आमची ख्याति चादरींची आणि कडक भाकरीची. पण पाणी दुर्मिळ असतें तेथेंच माणूस तें अडवून ठेवावयास शिकतो. शहराच्या मध्यभागीं किल्ल्याला लागून सिद्धेश्वराचें तळें आहे. बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांच्या नांवाशीं तें जोडलेलें आहे, आणि देवाच्या पाण्यांत गळ टाकूं नये हें बरें. शहरापासून जवळच अधिला नदीवर बांधलेला एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा तलाव म्हणतों, तो १८७१ सालीं पुरा झाला. आणि १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण उभें राहिल्यापासून तर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला एक लहानसा समुद्रच पसरला आहे. त्याच्या कांठीं भोई समाजाचीं कित्येक कुटुंबें माशांवर पोट भरतात.

शिवाय ह्या विद्येचा एक जुना ग्रंथ आपल्या अगदीं शेजारीं जन्मास आला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्या काळीं सोलापूरचा मुलूख कल्याणीच्याच सत्तेखालीं होता. राजानें मन कसें रमवावें हें सांगतांना त्यानें ‘मत्स्यविनोद’ असें एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, दोरी, गळ, ह्या सर्वांचा विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं ह्या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. राज्यकारभार सांभाळून राजा गळ टाकीत बसे, एवढ्यावरून ह्या विद्येची योग्यता पटावी.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आपण हातानें घास उचलतों. माशाला हात नाहींत. त्याचें तोंड हाच त्याचा हात, आणि चव पाहण्याचें साधनही बहुतांशीं तेंच. बहुतेक मासे घास चावून तोडीत नाहींत. ते तोंड एकाएकीं उघडतात, त्याबरोबर पाणी आंत खेंचलें जातें, आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आंत येतें. पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जातें, भक्ष्य राहतें. हें सारें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतें. आणि जें आंत आलें तें कठीण लागलें, परकें वाटलें, तर तितक्याच वेगानें बाहेर फेंकलें जातें. वर बसलेल्या माणसाला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसतें तें पाण्यावरचें तरंगतें भेंड, आणि हाताला जाणवते ती दोरीची किंचित् थरथर.

ह्या बाबतींत जगांत सर्वांत अधिक चर्चा झाली आहे ती उत्तर अमेरिकेंतील बास माशाची. रुंद तोंडाचा, झुडपाच्या सावलींत दबा धरून बसणारा आणि एकाएकीं झडप घालणारा असा हा मासा. १९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी यानें बावीस पौंड चार औंस वजनाचा बास धरला. पुढें २००९ सालीं जपानच्या बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यानें त्याची बरोबरी केली, तरी तो विक्रम अजून गाजतोच आहे. पण बासचा स्वभाव समजण्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. आपला मरळ त्याचाच मानलेला भाऊ. जात निराळी, कूळ निराळें, पण धंदा तोच. सापासारखें डोकें, तोंडांत दांत, पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल पडून राहणें, आणि बेडूक किंवा लहान मासा टप्प्यांत आला कीं बाणासारखें सुटणें. मरळाला कल्ल्यांवर भागत नाहीं. हवेचा श्वास घेण्यासाठीं तो मधून मधून पृष्ठभागावर येतो. म्हणूनच गढूळ, कोमट, आटत चाललेल्या डबक्यांतही तो तग धरतो. त्याची एक जात तर चिखलांत रुतून उन्हाळा काढते. सोलापूरच्या हवेला इतका साजेसा दुसरा मासा नसेल.

ह्या मरळावर हिसका देतांना नवशिका हटकून फसतो. बेडूक किंवा बेडकाच्या आकाराचें खोटें आमिष पाण्यावरून ओढीत आणलें, मरळानें झडप घातली, पाणी उसळलें, मोठा आवाज झाला, कीं माणसाचें काळीज उडतें आणि काळजाबरोबर हातही उडतो. आमिष माशाच्या ओठांतून निसटून कांठावरच्या बाभळींत जाऊन अडकतें. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण अशाच कोणा गळकऱ्यानें काढली असावी. नियम साधा आहे: हिसका डोळ्यांनीं देऊं नये, कानांनीं देऊं नये, हातानें द्यावा. पाणी उसळलें म्हणजे मासा आला, इतकेंच कळतें. आमिष त्यानें तोंडांत धरलें आणि तो वळला, हें दोरीवर वजन आल्यावरच कळतें. तें वजन हाताला लागेपर्यंत एक श्वास थांबावें. हा एक श्वास थांबणें हेंच ह्या विद्येंतलें सर्वांत अवघड कलम आहे.

थांबणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच दोरीचा ढिलेपणा काढणें महत्त्वाचें. दोरी पाण्यांत सैल, वाऱ्यानें कमान झालेली असेल, तर हाताचा सारा झटका ती सरळ होण्यांतच खर्च होतो; गळापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. म्हणून काठीचें टोक आधीं माशाच्या दिशेनें खालीं न्यावें, सैल दोरी गुंडाळून घ्यावी, आणि मग काठी एकाच ओघांत वर किंवा बाजूला न्यावी. दोरी कशाची हेंही पाहावें. नायलॉनची दोरी ताणली असतां लांबते; अंतर जितकें अधिक, तितका हिसका त्या लांबण्यांत विरतो. दूर टाकलेल्या गळाला म्हणूनच मोठा आवांका लागतो, तर पायांपाशीं आलेल्या माशाला नुसतें मनगट पुरतें. विणलेली दोरी फारशी ताणत नाहीं. तिच्यावर नायलॉनचा हिसका दिला, तर माशाचा ओठ तरी फाटतो किंवा गांठ तरी तुटते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. काठी लांब म्हणजे जोर अधिक, असें पुष्कळांस वाटतें. पण काठी ही तरफ आहे, आणि ती आपल्या विरुद्ध बाजूची तरफ आहे. हात थोडा हलला तर टोंक फार हलतें. परंतु टोंकाशीं जोर मात्र हातापेक्षां पुष्कळच कमी उरतो. पैलवानानें सर्व शक्तीनें काठी उपटली, तरी गळावर येणारा जोर थोडकाच असतो. म्हणून जोरापेक्षां धार महत्त्वाची. गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकून ओढावें. तें नखांत अडकलें तर गळ योग्य. घसरलें तर त्यास धार लावावी किंवा तो टाकून द्यावा. बोथट गळाची उणीव मनगटाच्या जोरानें भरून निघत नाहीं. गळाच्या टोंकामागचा उलटा कांटाही वाजवीपेक्षां मोठा नसावा. तो जितका जाड, तितका गळ रुतण्यास जोर अधिक लागतो.

माशामाशांतही भेद करावा लागतो. रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. त्यांचें बीज आणून आपल्या तलावांत सोडण्यांत आलें. त्यांच्या जबड्यांत दांत नाहींत. दांत आहेत ते घशांत. ओठ मांसल आणि मऊ. कणकेचा गोळा ते चाखीत, चाचपीत घेतात. भेंड नुसतें थरथरतें तोंवर हात आवरावा. भेंड तिरपें होऊन चालूं लागलें, कीं मनगटानें हलकी उचल द्यावी. कधीं कधीं भेंड बुडण्याऐवजीं वर येऊन आडवें पडतें. तळाशीं टेकलेलें शिसें माशानें आमिषाबरोबर उचललें, असा त्याचा अर्थ. तेव्हां मुळींच वेळ लावूं नये. मरळाचें डोकें हाडकुळें, म्हणून तेथें निश्चयी हिसका हवा. वाम मासा गांडूळ गिळीत जातो; तेथें उशीर केला, तर गळ थेट पोटांत.

श्रोतेहो, आतांपर्यंत सांगितलें तें मासा हातचा जाऊं नये म्हणून. पण हिसक्याची वेळ चुकली, तर नुकसान नेहमीं माणसाचेंच होतें असें नाहीं. लवकर दिला तर मासा सुटतो, थोडा शहाणा होतो, आणि आपण उपाशीं परततों. ह्यांत कोणाचें फारसें बिघडत नाहीं. उशिरा दिला तर गळ घशाखालीं, कल्ल्यांपाशीं, आंतड्यांपाशीं जाऊन रुततो. मासा मोठा असेल आणि घरीं न्यावयाचा असेल, तर प्रश्न नाहीं. पण तो वीतभर पिल्लूं असला म्हणजे? आपण तो भूतदयेनें परत पाण्यांत सोडतों, तो शेपटी हलवून जातो, आणि आपणांस वाटतें कीं आपण जीवदान दिलें. वास्तविक घशांतला गळ ओढून काढतांना आपण त्याचे कल्ले फाडलेले असतात. असा खोल गेलेला गळ ओढूं नये. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा. गळासह सोडलेला मासा, गळ उपटून सोडलेल्या माशापेक्षां जगण्याचा संभव अधिक असतो.

ह्यावर एक फार जुना तोडगाही आहे. पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचे लोक शिंपल्यांचे आणि हाडांचे असे गळ करीत, कीं ज्यांचें टोंक बाहेर न पाहतां आंत, दांडीकडे वळलेलें असे. हल्लीं पोलादाचे तसे वर्तुळाकार गळ मिळतात. मासा आमिष गिळून चालूं लागला, कीं हा गळ घशांतून सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यांत आपोआप अडकतो. ह्या गळाला हिसका द्यावयाचाच नाहीं. दिला तर तो तोंडांतून निसटून येतो. दोरी हळूहळू ताणीत जावी, इतकेंच. ज्यांचा हात स्वतःच्या ताब्यांत राहत नाहीं, त्यांनीं हा गळ वापरावा. त्यांची अधीरता माशाच्या पोटांत जाणार नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून आटोपतों. पावसाळ्यांत तलावाच्या कडेला, गवताजवळ, पाण्यावर तांबूस रंगाचा एक हलता पुंजका दिसतो. तीं मरळाचीं पिल्लें. त्यांच्या खालीं आईबाप पहारा करीत असतात. ह्या दिवसांत मरळाला भूक असो वा नसो, पिल्लांजवळ जें येईल त्यावर तो तुटून पडतो. पुंजक्यावरून आमिष ओढलें, कीं मासा मिळालाच म्हणून समजा. तेथें हिसक्याचें कौशल्यही लागत नाहीं. आणि पालक उचलला गेला, कीं तासाभरांत चिलापी आणि इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडावयास लागतात. एका माशाच्या मोबदल्यांत पुढच्या कित्येक वर्षांचे मासे गेले. बहुतेक तलावांवर मासेमारीचा हक्क तेथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेथें जातांना त्यांची परवानगी घ्यावी, हा रिवाजाचा भाग झाला. पण पुंजक्यावर गळ न टाकणें हें कोणाच्या परवानगीवर सोपवूं नये. हौसेनें जाणाऱ्याचा एक दिवस फुकट गेला, तर घरीं पिठलें-भाकरी असते. भीमेकांठच्या भोयाच्या घरीं पुढच्या सालीं चूल पेटावयाची, ती ह्या पिल्लांवरच.

तेव्हां हिसका केव्हां द्यावा, ह्याचें उत्तर इतकेंच: दोरीवर वजन आल्यावर, तें वजन घशाखालीं उतरण्यापूर्वीं, आणि पाण्यावर तांबूस पुंजका दिसला, तर मुळींच नाहीं, काठी गुंडाळून दुसऱ्या कांठाला जावें.