दिवेलागणीचं दार
(तालुक्यातल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून इथे सातबाऱ्यावर बोलणं झालं, पोटगीच्या केसेसवर झालं, आणि आता मी कोंबड्यांवर बोलायला उभी राहिले आहे. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसा, मला चालेल. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. संध्याकाळी साडेसहाला बैठक ठेवली, तर तुमच्यापैकी किती जणी येऊ शकाल?

आमच्या गटात हा प्रश्न विचारला तेव्हा कारणं भराभर आली. स्वयंपाक, धारा काढायची वेळ, पोरांचा अभ्यास. ही कारणं सगळ्यांनाच पाठ आहेत. एक कारण मात्र बाया शेवटी, जराशा लाजून सांगायच्या: "कोंबड्या कोंडायच्या असतात, ताई." पुढे घरोघरी फिरलो तेव्हा कळलं की हे कारण जवळजवळ प्रत्येक घरात होतं. कोणी ते काम म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच.

कसं सांगणार? कोंबड्या पाळणं हे काम आहे असं आपल्यालाच वाटत नाही. सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीत ज्या बाया 'घरकाम करणाऱ्या' या खात्यात जायच्या, त्यांना पुढे वेगळं विचारलं जायचं, की परसबाग करता का, घरच्या कोंबड्यांचं बघता का. म्हणजे ती बाई हे सगळं करते हे सरकारला ठाऊक होतं. तरी तिचं नाव कामकऱ्यांच्या यादीत जायचं नाही. इलाबेन भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1988 सालच्या 'श्रमशक्ती' अहवालात बायकांचं न मोजलेलं काम मोजा म्हणून सांगितलं होतं. 2019 मध्ये देशभर वेळेची पाहणी झाली. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटं, असं निघालं. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशात 85 कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली सुमारे 31 कोटी 70 लाख परसातली. सात वर्षांत परसातली संख्या जवळपास 46 टक्क्यांनी वाढली होती. कोंबड्या मोजल्या गेल्या. त्यांना रोज संध्याकाळी आत कोंडतं कोण, हा रकाना त्या गणनेत नव्हता.

आता हे कोंडणं म्हणजे काय ते सांगते. शहरातून आलेल्या मैत्रिणींना वाटत असेल की हाकलत हाकलत आत घालावं लागतं. तसं नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही, म्हणून उजेड ओसरला की ती आपणहून खुराड्यात जाते आणि दांडीवर बसते. आधी म्हाताऱ्या कोंबड्या जातात, मग कोंबडा. तलंगा मात्र सीताफळीवर चढून बसतात, त्यांना खाली ओढावं लागतं. नवी कोंबडी आणली तर आठवडाभर आतच ठेवायची, मग तिला घर कळतं. म्हणजे आत जाण्याचं काम कोंबडी करते. बाईचं काम काय, तर ती सगळी आत गेल्यावर दार लावणं. दोन मिनिटांचं काम. पण ही दोन मिनिटं सांगून येत नाहीत. आमच्या भागात नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जुलैत सव्वासातला. लवकर लावलं तर अर्धी कोंबडी बाहेर. उशीर केला तर मुंगूस, नाहीतर उदमांजर. मुंगूस आत शिरलं की एक कोंबडी खाऊन थांबत नाही, चार-पाच मारून टाकतं. वर्षभराची अंड्यांची पुंजी एका रात्रीत जाते आणि घरात बोलणी कोणाला बसतात ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून ती बाई माहेरी राहत नाही. बहिणीच्या बाळंतपणाला जाते ती दुपारची एसटी पकडून परत येते. तालुक्याच्या दवाखान्यात ॲडमिट व्हायचं म्हटलं की पहिला प्रश्न, कोंबड्या कोण कोंडणार?

आणि आमच्याकडे, जुन्नरच्या बाजूला, याला आणखी एक धार आहे. ऊस वाढला तसा उसात बिबट्या राहायला लागला. 2001च्या सुमारास माणसांवरचे हल्ले एकदम वाढले आणि तेव्हापासून ती भीती गेलेली नाही. बिबट्या कोंबडीपेक्षा कुत्र्या-शेळीच्या वासाने वस्तीजवळ येतो. पण आपलं खुराडं कुठे असतं? गोठ्यामागे, उसाच्या बांधाला लागून. खाली वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, म्हणून तिन्हीसांजेला रानात वाकून बसू नका, असं वनखात्याचे लोक सांगतात. आता खुराड्याची कडी घालायला उभ्याने जमतं का?

तर आमच्या गटाने दार केलं. आपोआप पडणारं दार.

पहिलं दार साधं होतं आणि मला अजूनही तेच जास्त आवडतं. जुनं चावीचं गजराचं घड्याळ बहुतेक घरांत माळ्यावर पडलेलं असतं. त्याला मागे दोन चाव्या असतात, एक घड्याळाची आणि एक गजराची. गजर वाजायला लागला की गजराची चावी उलटी फिरते. आम्ही त्या चावीला मजबूत दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक एका खिळ्याला. तो खिळा दाराला वर धरून ठेवतो. गजर झाला की दोरा चावीवर गुंडाळला जातो, खिळा ओढला जातो, आणि दार दोन्ही बाजूंच्या खाचांतून सरळ खाली येतं. खिळा सहज सुटणारा हवा, कारण गजराच्या स्प्रिंगला जोर बेताचाच असतो. दुपारी जेवणानंतर चावी द्यायची. सकाळी देऊन चालत नाही, कारण या घड्याळाला सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात सारखेच. वेळ मावळतीनंतर अर्ध्या तासाची धरायची: हिवाळ्यात साडेसहा, पावसाळ्याच्या सुरुवातीला पावणेआठ. महिन्यातून दोनदा काटा थोडा सरकवला की झालं.

दार हलकं हवं. जड फळी कोंबडीच्या मानेवर पडली तर मुंगसाचं काम आपणच केलं. आम्ही पातळ प्लायवूड घेतलं आणि खालच्या कडेला जुन्या चपलेचं रबर लावलं. पण हलकं दार मुंगूस नाकाने उचलतं! म्हणून उंबऱ्यापाशी आडवी पट्टी ठोकायची, दाराची खालची कड तिच्या मागे खोल बसली पाहिजे. खुराड्याच्या बुडाशी दगड रचायचे, नाहीतर ते उकरून येतं. जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या जाळीतून धामण जाते, आणि तिला दाराशी काही देणंघेणं नसतं.

सकाळी दार हाताने उघडायचं. जो आधी उठेल त्याने. एका घरी ते काम सासऱ्यांनी घेतलं, त्यांना पहाटे झोप येत नाही. आता ते अंडीही गोळा करतात आणि सुनेला मोजून देतात. हा बदल आमच्या कोणत्याही शिबिराने झाला नव्हता.

दुसरं दार विजेचं. आमच्या गटातल्या एकीची लेक आयटीआयला आहे, तिने केलं. उजेड कमी झाला की ज्याचा विजेला विरोध वाढतो असा एक चिमुकला भाग येतो, एल.डी.आर. म्हणतात, किंमत अगदी किरकोळ. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात त्यातही असतो. त्याला एक रिले जोडायचा आणि भंगारातली गाडीच्या काचा वर-खाली करणारी मोटर. बारा व्होल्टची बॅटरी, वर छोटा सौर पत्रा, म्हणजे लोडशेडिंगची कटकट नाही. मोटरवर रीळ, रिळावर दोरी, दोरीला दार. संध्याकाळी दोरी सुटते, सकाळी गुंडाळली जाते. दार वर पोचलं आणि खाली पोचलं की मोटर थांबवायला दोन बटणं लागतात. त्या पोरीने आम्हाला आधीच बजावलं होतं की खालचं बटण वगळू नका, नाहीतर दोरी पूर्ण सुटून रीळ उलट्या बाजूने गुंडाळायला लागतं आणि दार रात्री पुन्हा वर जातं. एल.डी.आर.चं तोंड अंगणातल्या बल्बकडे नको. त्याला वाटतं अजून दिवसच आहे. आणि आषाढात भर दुपारी अंधारून येतं, तेव्हा अंधार निदान वीस मिनिटं टिकला तरच दार पडेल अशी सोय तिने केली.

हे झालं दाराचं. आता त्यानंतर काय झालं ते ऐका, कारण खरं बोलायचं होतं ते हेच.

आमच्यातली एक मैत्रीण ग्रामपंचायतीत निवडून आलेली आहे. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. बैठका संध्याकाळी. ती जायची नाही, रजिस्टर घरी यायचं, ती सही करायची. दार बसल्यावर ती जायला लागली. दोन महिने गेली. मग नवरा म्हणाला, कोंबड्यांचं झालं, पण धारेच्या वेळी तरी घरी राहत जा. धारेची सोय तिने जावेशी बोलून केली. मग म्हणाला, लोक काय म्हणतील. तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, कोंबड्या होत्या तोवर बरं होतं गं. भांडण कोंबड्यांवर जायचं. आता थेट माझ्यावर येतं." ती बैठकांना जाते अजून, पण घरातलं बोलणं मिटलेलं नाही आणि मी ते मिटलं असं तुम्हाला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. गावरान अंड्याला पांढऱ्या अंड्यापेक्षा भाव चांगला, आणि ते पैसे बाईच्या मुठीत राहतात, कारण पुरुषांना ते चिल्लर वाटतात. वह्या, एसटीचं तिकीट, गटाचा हप्ता त्यातूनच जातो. पण पाहुणा आला की कोंबडा कापायचा हे ठरवणार तो. आता दाराला मोटर लागली म्हटल्यावर दोन घरांत पुरुषांचं लक्ष तिकडे गेलं. आठाच्या तीस कोंबड्या करू म्हणाले. तीस कोंबड्यांची विष्ठा कोण काढणार, खाद्य कोण आणणार? पिठाची गिरणी आली, दुधाचं खातं आलं, तेव्हा आपण हे पाहिलेलं आहे. काम हाताने होतं तोवर बाईचं, यंत्र लागलं की हिशोब त्याच्याकडे. म्हणून आमच्या गटाने नियम केला: ज्या घरात दार बसवायचं, त्या घरच्या बाईने ते स्वतः खोलून पुन्हा जोडून दाखवायचं. खिळा, दोरा, रिले, सगळं. हात काळे झाले की मग ते तिचं दार.

रोगाचंही सांगते. राणीखेत आला, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तर दाराचा काही उपयोग नाही, सगळं खुराडं बसतं. लस असते, पण एका बाटलीत शंभर-शंभर कोंबड्यांची, आणि बर्फात आणावी लागते. आठ कोंबड्यांसाठी एकटी कोण आणेल? आम्ही पंधरा घरांनी मिळून एक बाटली आणतो आणि दारं पडल्यावर रात्री घरोघरी जातो. दांडीवर बसलेली कोंबडी पळत नाही, सहज हातात येते. डोळ्यात एक थेंब टाकायचा. सगळ्या बाया रात्री नऊपर्यंत टॉर्च घेऊन गावातून एकत्र फिरतो, आणि बिबट्याही चार आवाज एकत्र असले की लांब राहतो.

मंडपाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या पिंपाशेजारी, दोन्ही दारं मांडून ठेवली आहेत. घड्याळाच्या दाराचा खिळा जरा घट्ट बसतो, जपून ओढा. घरी जुनं घड्याळ असेल तर पुढच्या वेळी घेऊन या, आवाज गेलेलं असलं तरी चालेल, चावी फिरली पाहिजे.