जॉर्डनच्या पैलतीरावर



युगलगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातील नायक-नायिका येतात. गळा एकाचा, ओठ दुसऱ्याचे, अशी ती व्यवस्था. तीत आम्हांस काही उणे वाटत नाही. परंतु गाणारी दोघे खरोखरीची पतिपत्नी असली, श्रोत्यांसमोर उभी राहून गात असली, आणि गीताचा विषय त्यांच्याच मरणाचा असला, तर? अशा एका गीताविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

गीत अमेरिकेतील आहे. तिकडे दक्षिणेच्या खेड्यापाड्यांतून वाढलेल्या संगीतास ‘कंट्री’ म्हणतात. शेत, आगगाडी, तुरुंग, दारू, आई आणि देव हे त्याचे आवडते विषय. त्यातला थोर गायक जॉनी कॅश १९३२ साली आर्कान्सास राज्यात, कापूस पिकविणाऱ्या घरात जन्मला. जून कार्टर १९२९ सालची, व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातली. तिची आई मेबेल ही नामांकित ‘कार्टर फॅमिली’पैकी. जॉनीचा पहिला संसार मोडला होता आणि गोळ्यांच्या व्यसनाने त्याला पुरते ग्रासले होते. त्यातून त्याला सावरण्यात जूनचा वाटा मोठा. १९६८ च्या फेब्रुवारीत कॅनडातील एका जलशात, भर रंगमंचावर, त्याने तिला मागणी घातली. १ मार्च रोजी दोघांचा विवाह झाला.

टेरी स्मिथ याने रचलेले ‘फार साइड बँक्स ऑफ जॉर्डन’ हे गीत या दोघांनी १९७७ च्या ध्वनिमुद्रिकेत गायिले, आणि पुढे जलशांतूनही गायिले. जॉर्डन ही बायबलातील नदी. ती ओलांडून इस्रायली लोक देवाने देऊ केलेल्या भूमीत गेले. म्हणून ख्रिस्ती भक्तिगीतांत मरण म्हणजे जॉर्डन उतरणे. आपल्याला हे समजाविण्याची गरज नाही. भवनदी आणि पैलतीर हे शब्द आपल्या कानांवर लहानपणापासून आहेत. गीताचा आशय साधा आहे. जो आधी जाईल त्याने पलीकडच्या वाळूत बसून वाट पाहावी, आणि दुसरा येताना दिसताच उथळ पाण्यातून धावत सामोरे जावे.

कोणी म्हणेल, हा तर स्वस्त दिलासा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. एकट्याने गायिले असते तर हे विलापगीत झाले असते. दोघे गातात म्हणून तो करार होतो. आणि करारातले मुख्य कलम कोरेच आहे. आधी कोण जाणार, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. वाट पाहण्याचे वचन दोघेही देतात, पण एकाला ते पैलतीरावर पाळावयाचे आहे आणि दुसऱ्याला ऐलतीरावर मागे उरावयाचे आहे. रंगमंचावर प्रत्येक वेळी ते गाताना दोघे थोडी अधिक म्हातारी झालेली असत, आणि समोरच्या श्रोत्यांना ते दिसत असे.

कोरे कलम २००३ साली भरले गेले. १५ मे रोजी जून गेली. ५ जुलैस जॉनी तिच्या माहेरच्या प्रदेशात, व्हर्जिनियातील कार्टर फॅमिली फोल्ड या ठिकाणी, श्रोत्यांसमोर अखेरचा गायिला. प्रकृती पार खचली होती. श्रोत्यांशी तो जूनविषयी बोलला. ‘रिंग ऑफ फायर’ हे, जूनने मर्ल किलगोरबरोबर रचलेले गीतही त्याने म्हटले. शेजारी ती नव्हती. १२ सप्टेंबरला तोही गेला. ऐलतीरावरचे वाट पाहणे चार महिनेही चालले नाही.

हे गीत दोघांनी १९९९ साली जूनच्या ‘प्रेस ऑन’ या संग्रहासाठी पुन्हा गायिले. आपणांस सवड होईल तेव्हा आधी १९७७ चे ऐका, मग १९९९ चे. शब्द तेच आहेत. दुसऱ्या खेपेस आवाज थकलेले आहेत, आणि नदी पुष्कळ जवळ आली आहे. ती ओलांडल्यावर भेट होते की नाही, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु बावीस वर्षांनीही तेच वचन त्याच माणसाला पुन्हा द्यावेसे वाटले, एवढे मात्र आपण आपल्या कानांनी ऐकू शकतो.