हलगीशिवाय स्वागत

व्यासपीठावरचे डॉक्टर, थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक, खोऱ्याखोऱ्यांतून पहाटेची गाडी धरून आलेले आई-बाप, आजी-आजोबा, आणि दारात, खुर्चीखाली, जिथं बरं वाटेल तिथं बसलेल्या मुलांनो,

पाटणात पाहुणा आला की हलगी वाजते. आज, स्वमग्न मुलांच्या पालकांच्या या मेळाव्यात, वाजली नाही. स्वागत समितीत यावरून पाऊण तास वाद झाला. “हलगी नाही, फटाके नाहीत, मग स्वागत कसलं?” असं आमच्या एका जुन्या सभासदानं विचारलं. त्यावर एक आई म्हणाली, “माझा पोरगा वरातीची हलगी ऐकली की कान दाबून भिंतीवर डोकं आपटतो. हलगी असेल तर मला घरीच बसावं लागेल.” वाद तिथंच मिटला. म्हणून माईकचा आवाज कमी ठेवलाय. मागच्यांनी पुढं सरकावं. टाळ्यांऐवजी हात हलवावेत. डाव्या हाताच्या खोलीत उजेड मंद आहे, सतरंज्या अंथरल्यात. कुणाला गर्दी सोसेना तर तिथं जावं. जेवणात साधा भात आणि कोरडी भाकरी वेगळी ठेवलीय. वाढप्यांना सांगून ठेवलंय, की विचारल्याशिवाय कुणाच्या भातावर आमटी ओतायची नाही. आणि एखादं लेकरू स्टेजवर आलं तर धरायला धावू नका. स्वागताध्यक्षाच्या भाषणात तेवढीच करमणूक.

कोयना आणि केरेच्या संगमावरचं हे गाव. धरणामुळं आणि ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपामुळं देशाला आमचा तालुका कळला. पण इथल्या डोंगरांचा हिशेब आईबापांना विचारा. मोरणा खोऱ्यातली वाडी, तिथून पाटण, पाटणहून कऱ्हाड, नाहीतर थेट सातारा. थेरपी पाऊण तासाची, आणि तिच्यापायी अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. पुण्यामुंबईत पालक ‘चांगलं सेंटर कुठलं’ असं विचारतात. आमच्याकडं त्याच्या आधीचा प्रश्न असतो : पोराला झालंय काय, हे विचारायचं कुणाला?

यात माझाही वाटा आहे, तो आज कबूल करतो. मी चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव घेत नाही. हाक मारली तर बघायचा नाही, पण स्टँडवरच्या सगळ्या एसटींच्या वेळा त्याला पाठ. पाटण-चिपळूण, पाटण-ढेबेवाडी, मुक्कामी गाडी कुठली, सगळं ओळीनं म्हणायचा. मी त्याला वर्गाबाहेर बसवायचो आणि नोंदीत ‘मतिमंद’ लिहायचो. तेव्हाच्या १९९५च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती, ही सबब मला आहे. पण डोळे तर होते. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, स्वतंत्रपणे आहे. त्याच साली केंद्र सरकारनं प्रमाणपत्रासाठीची पद्धतही ठरवून दिली. चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी आहे, इसा नावाची, आणि तिच्यावरून तीव्रता ठरते. म्हणून प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ लिहून कुणी देत असेल तर मुकाट्यानं घेऊ नका. मूल स्वमग्न आहे का, याची वेगळी तपासणी मागा.

सुरुवात मात्र साताऱ्याला नाही, अंगणवाडीत करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांना वजन-उंचीच्या पुढचं सांगायचं असतं. वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही, दीड वर्षं झालं तरी शब्द नाही, गाडीची फक्त चाकंच फिरवत बसतं, हे आईनं बोलून दाखवायचं. ‘बोलेल की, त्याचा बापही उशिरा बोलला’ हे घरातल्या म्हाताऱ्यांचं वाक्य प्रेमाचं असतं, पण त्यात दोन-तीन वर्षं जातात, आणि तीच वर्षं सगळ्यात मोलाची. पथकानं नोंद केली की पुढं जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवता येतं.

बाकीची कागदं थोडक्यात सांगतो, जेवणानंतर तपशील मिळेलच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी, कारण एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना सगळं त्याच्यावर अडतं. राष्ट्रीय न्यासाचा १९९९चा कायदा स्वमग्नतेसाठीही आहे. त्यातल्या ‘निरामय’ विम्यात लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचाही त्यात विचार आहे. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. त्याच्या वतीनं कायदेशीर सही करायची गरज असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे बहुतेक आईबापांना बँकेच्या खिडकीवर कळतं. शाळेसाठी गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. सरपंच मंडळी समोर आहेत, म्हणून हे दोनदा सांगतो : पाच टक्के.

काही गोष्टी ऐकूच नका. लशीनं स्वमग्नता होते, ही अफवा १९९८च्या एका इंग्रज डॉक्टरच्या लेखातून निघाली; तो लेख नियतकालिकानं २०१० मध्ये मागं घेतला. अफवा आमच्या वाड्यांवर अजून फिरते. कुणी स्टेमसेलच्या इंजेक्शनासाठी शेत विकायला सांगेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच हा उपचार स्वमग्नतेसाठी नाकारलाय. उतारा, अंगारा यांवर मी भांडणार नाही, पण त्यात दिवस घालवू नका. आणि ‘आईनं मोबाइल दिला, आईनं लक्ष दिलं नाही’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. एके काळी अमेरिकेतले मोठे डॉक्टरही आयांनाच दोष द्यायचे, आणि ते चुकले.

आमच्या तालुक्याला एक गोष्ट जमते : एकत्र येणं. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईला गेले, एकएकट्या हमालांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. आज वाशीच्या मार्केटात आमचा माणूस नाही असं पाटणमधलं घर शोधावं लागेल. त्यांच्या तिथल्या खोल्यांचा मुक्कामाला उपयोग करा. खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारखं काम आहे. तिथं एकदा जाऊन आलेल्या आईनं दुसरीला बरोबर न्यावं. फाइल कशी लावायची, कुठल्या खिडकीवर आधी उभं राहायचं, हे पत्रकापेक्षा गेलेली बाई चांगलं सांगते.

पाहुण्यांनो, सोयी कमी पडतील, डास जास्त असतील, सांभाळून घ्या.

मागच्या भिंतीशी तीन टेबलं आहेत : यूडीआयडी, निरामय आणि खोऱ्यानुसार पालकांच्या गटांची नोंद. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मुलाचे दोन फोटो हवेत. फोटो नसतील तर इथंच काढून मिळतील. तिसऱ्या टेबलावर मी स्वतः बसतोय. गावाचं नाव आणि तुमच्या गाडीची वेळ सांगा, म्हणजे शेवटची एसटी चुकणार नाही.